हिरड्यांचे ऐका

उर्दूत तुम्ही ज्यांना मसूडे म्हणता, त्यांना मराठीत हिरड्या म्हणतात. दात हा शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ सारखाच आहे. दातांविषयी आपण पुष्कळ बोलतो. 'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. हिरड्यांची मात्र कोणाला आठवण होत नाही. मोठेपणी अनेकांचे दात पडतात ते हिरड्यांच्या आजारामुळे. दात न किडलेला, अगदी धडधाकट असतो. पण त्याला धरून ठेवणारी जागाच खचते.

हे कसे घडते? आपल्या दातांवर सतत एक चिकट, पातळ थर बसत असतो. त्यात असंख्य जंतू असतात. तो थर रोज घासून काढला, तर काही बिघडत नाही. तुमच्याकडे कोणी मिस्वाक वापरत असतील, तर कोणी कडुनिंबाचे किंवा बाभळीचे दातण करत असतील. काडीचे टोक चावून मऊ केले आणि दातांच्या आतल्या बाजूपर्यंत पोहोचवले, तर तीही उपयोगी पडते. राख, कोळसा किंवा विटेची पूड मात्र नको. तिने दातांवरचे कठीण आवरण झिजते.

थर तसाच राहिला, तर तो थोड्याच दिवसांत कडक होतो. त्याला कीटण म्हणतात. कीटण ब्रशने निघत नाही. ते दंतवैद्यच काढतात. कीटणाजवळची हिरडी लाल होते, सुजते आणि ब्रश लागताच तिच्यातून रक्त येते. रक्त दिसले की पुष्कळ लोक ती जागा घासणेच सोडून देतात. खरे म्हणजे तेथेच मऊ ब्रशने, हलक्या हाताने, पण रोज घासले पाहिजे. कारण या वेळी हिरडी पूर्ण बरी होऊ शकते. दुर्लक्ष केले, तर सूज आत उतरते. हिरडी दातापासून सुटते आणि खालचे हाड झिजू लागते. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. हे सारे फारसे न दुखता चालते, म्हणून माणूस गाफील राहतो. मधुमेह असलेल्यांनी तर अधिकच सावध राहावे.

आता आपल्या परिसराकडे येऊ. अंबरनाथच्या पूर्वेला आनंदनगरची औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यांतील कामासाठी दूरदूरच्या गावांतून माणसे येतात आणि आजूबाजूच्या वस्त्यांत राहतात. अशा वस्त्यांत, तसेच महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत, एक जुनी सवय आढळते. ती म्हणजे मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात आणि चुरून तिची पूड करतात. ती बोटावर घेऊन दातांना आणि हिरड्यांना चोळतात. प्रथम सकाळी एकदा, मग दुपारी, मग कामातून जरा उसंत मिळाली की पुन्हा. स्त्रियांमध्ये ही सवय विशेष दिसते. (जुन्या उर्दू कथांतील मिस्सी वेगळी. ती दात काळे करण्याची शोभेची पूड होती. मशेरी म्हणजे तंबाखूच.)

मशेरी लावणाऱ्या आजीला विचारा. ती म्हणेल, "बाळा, हिने हिरड्या घट्ट होतात. रक्त थांबते." आजी खोटे बोलत नाही. रक्त खरोखरच कमी दिसते! पण ते का? तंबाखूत निकोटीन असते. त्यामुळे हिरड्यांतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आत रोग चालूच राहतो. बाहेरची खूण तेवढी नाहीशी होते. कारखान्यात धोक्याचा भोंगा वाजू लागला आणि कोणी त्याची तारच कापली, तर भोंगा गप्प होईल. आग विझेल का? शिवाय तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. गालात किंवा हिरडीवर न जाणारा पांढरा चट्टा दिसला, तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.

टूथपेस्ट आणि दंतमंजन यांत तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ मध्ये बंदी केली. पण घरच्या तव्यावर कायदा कसा पोहोचणार? म्हणून तुम्हीच घरात बोला. दादीची किंवा नानीची डबी हिसकावून घेऊ नका. वर्षानुवर्षांची सवय रागावून सुटत नाही. 'एकदा हिरड्या दाखवून येऊ, मी बरोबर येतो' असे म्हणा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

दात पडलाच तर? 'एकाने काय अडते?' असे म्हणून लोक गप्प बसतात. पण रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात आणि समोरचा दात बाहेर सरकू लागतो. म्हणून ती जागा भरावी. काढता-घालता येणारी कवळी हा सोपा उपाय आहे. ती रात्री काढून साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात ती वाकडी होते. शेजारच्या दातांचा आधार घेऊन पक्का पूलही बसवतात. तिसरा उपाय इम्प्लांटचा. सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, असे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना दिसून आले. १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसवली. पण यालाही निरोगी हाड आणि हिरडी लागतेच. तंबाखू खाणाऱ्याचे इम्प्लांट निकामी होण्याचा धोका अधिक असतो.

खर्चाला घाबरून घरी बसू नये. अंबरनाथहून लोकलने थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाता येते. तेथे जवळच, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलजवळ नायर दंत रुग्णालय आहे. तेथे शिकणारे डॉक्टर आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी येतो.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी. क्रिकेट खेळताना चेंडू लागून दात मुळासकट निखळला, तर तो फेकू नका. त्याला वरच्या पांढऱ्या भागाने उचला. मुळाला हात लावू नका, ते घासू नका. दात मळला असेल तर क्षणभर पाण्याने धुवा. मग तो थंड दुधात टाका आणि अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोहोचा. तोच दात पुन्हा जागेवर बसू शकतो. दुधाचा दात असेल, तर मात्र तो परत बसवत नाहीत.