बाळाआधीचं भंडारदरा

भाचीला पाचवा महिना लागला आणि तिने फोनवर विचारलं, "मावशी, दोघंच कुठेतरी पाण्याकाठी जाऊन यावं म्हणतोय. तुम्ही कुठे गेला होतात गं?" भंडारदऱ्याला, म्हटलं. रस्ता सांगितला, कुठली खोली मागायची ते सांगितलं आणि फोन ठेवला. खरं सांगण्यासारखं होतं ते राहूनच गेलं. ते इथे सांगते. आकडे घातलेत ते माझ्या सोयीसाठी. क्रमाला फारसा अर्थ नाही.

१. डॉक्टरांची परवानगी हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. बाईंनी रिपोर्ट चाळले, चौथा ते सहावा महिना प्रवासाला बरा म्हणाल्या, दर दीड-दोन तासांनी गाडीतून उतरून थोडं चाला, फाईल जवळ ठेवा, एवढं सांगून पुढच्या पेशंटला हाक मारली. घरी मात्र पूर्णपीठ बसलं. सासूबाईंचं म्हणणं, पोटुशी बाईने वेस ओलांडू नये. आईचा मुद्दा निराळा: पाणवठ्यावर साती आसरा असतात, भर दुपारी आणि तिन्हीसांजेला तिकडे फिरकायचं नाही. एरवी लोणच्याच्या मिठावरूनही एकमत न होणाऱ्या या दोघींची माझ्यामुळे युती झाली. ती फोडली आजेसासूबाईंनी. त्यांच्या वेळी सातव्यात डोहाळे करायचे ते कधी बागेत, कधी झोपाळ्यावर, कधी चांदण्यात आणि कधी नावेत. नावेतले म्हणजे फुलांची वाडी भरायची आणि स्टुडिओत नेऊन पुठ्ठ्याच्या नावेत बसवून फोटो काढायचा. "आम्ही पुठ्ठ्याच्या नावेत बसलो. हिला खरी मिळतेय, तर बसू दे की," म्हणाल्या आणि परत वाती वळायला लागल्या. मी दोन दिवस इंटरनेटवरून जमवलेली वैद्यकीय माहिती कुणी विचारलीसुद्धा नाही.

२. गर्भारपणात महाराष्ट्राचा नकाशा बदलतो. किल्ले, देवळं, मिसळीचे ठेले पुसट होतात आणि ठळक उरतात ती फक्त स्वच्छतागृहं. ठाण्यापासून घोटीपर्यंत कुठल्या पंपावर कडी लागते आणि कुठल्या हॉटेलात नळाला पाणी असतं, हे मी आजही झोपेत सांगेन. तळ्यांची निवडही याच न्यायाने झाली. पवनेकाठी रात्रभर तंबू आणि स्पीकर, तापोळ्याला महाबळेश्वर संपल्यावरही वळणं संपत नाहीत, वेण्णा तलावावर सुट्टीची गर्दी. भंडारदऱ्याला निम्म्याहून जास्त वाट महामार्गाची, म्हणून ते जिंकलं. निसर्गाचा त्यात काही वाटा नव्हता. आता समृद्धीच्या आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाट टळतो. आम्ही गेलो तेव्हा तो नव्हता, आणि घाट मी लिंबू हुंगत काढला. सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावरून नाही, पोटाखालून, मांड्यांच्या सांध्याशी घ्यायचा, हे मला रांगेतल्या एका अनोळखी बाईने दाखवलं. स्वतःचा नंबर मला देऊन वर हेही.

३. नुसतं बसणं आम्हाला येत नव्हतं. दिवाळी होऊन गेलेली, पाऊस ओसरलेला, जलाशय काठोकाठ. पहिल्या दुपारी व्हरांड्यात बसून आम्ही पाण्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे, मग मोबाईलकडे. रेंज नव्हती. नवऱ्याने बालसंगोपनाचं पुस्तक काढलं आणि लंगोटाच्या पुरळापर्यंत पोचला. मी स्वेटर विणायला घेतला. विणला कमी, उसवला जास्त. शांतता म्हणतात तीही नव्हतीच: कुठेतरी भात झोडत होते, खाली शेंडीकडे एसटी हॉर्न वाजवत होती. संध्याकाळी कधीतरी दोघांनाही डुलकी लागली, खुर्चीतच, तोंड उघडं टाकून. यापलीकडे विश्रांतीबद्दल मला काही सांगता येणार नाही.

४. घाबरलेला पुरुष आकडे सांगतो. हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी, विल्सन धरणाच्या भिंतीसमोर कळलं. नवरा सुरू झाला: काम १९१० ला सुरू, १९२६ ला पूर्ण, भिंत दगडी, उंची सुमारे २७० फूट, अडवलेली नदी प्रवरा, साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट. मी म्हटलं, सोळा वर्षं लागली यांना, मला नऊ महिन्यांत उरकायचंय. तो हसला नाही. दशलक्ष घनफुटांवरून गाडी घराच्या हप्त्यावर आली, तिथून माझ्या २६ आठवड्यांच्या रजेवर, रजा संपल्यावर बाळाला कोण बघणार यावर, नॉर्मल झालं तर किती आणि सिझर झालं तर किती यावर. मग तो गप्प झाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मला अजून काहीच वाटत नाहीये गं. सोनोग्राफीत ठोके ऐकवले तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मीही रुमाल काढला."

मला राग यायला हवा होता. सिनेमात आला असता. पण मला एकदम हलकं वाटलं, कारण माझ्या डोळ्यांतलं ते पाणी आनंदाचं नव्हतंच. पाणी पिऊन तासभर रोखून धरलेली लघवी आणि वर तो थंडगार जेल, यांचं होतं ते. आनंद होईल म्हणून मीही वाट बघत होते आणि येत होती ती ॲसिडिटी. तेवढ्यातही पोटात गुडगुडलं. सकाळच्या मिसळीवर संशय घेऊन मी एक गोळी चघळली आणि त्याला हे सगळं सांगून टाकलं. म्हणजे गेले कित्येक आठवडे आम्ही दोघं एकमेकांसाठी आनंदी दिसत होतो. पेढे वाटताना, आत्याला फोन करताना, रात्री दिवा मालवल्यावरसुद्धा. घरी हे बोलता आलं नसतं. घराला भिंती पातळ, आणि शिवाय घरी प्रत्येक जण मला विचारत होता: काय खावंसं वाटतं, झोप लागते का, पाय सुजतात का. त्याला कुणीच काही विचारत नव्हतं. फार तर पाठीवर थाप मारून "आता जबाबदारी वाढली बरं का" म्हणत होते. म्हणजे भीती घालत होते, आणि वर पेढा मागत होते.

त्या संध्याकाळनंतर आमच्या सुट्टीत थोडी सुट्टी आली. बाळाविषयी बोललो नाही. पत्ते खेळलो, आणि तो रडीचा डाव खेळतो हे मला नव्याने कळलं.

५. लाईफ जॅकेट पोटुश्या बाईसाठी शिवलेलं नसतं. काठावर उभं राहून आधी मी, मग नवऱ्याने, मग नाववाल्या काकांनी पट्टे ओढून पाहिले. मधलं बक्कल काही जुळेना. "घट्ट नका ओढू, दोघांना लागेल," काका म्हणाले. शेवटी त्यांनी एक मोठ्या मापाचं जॅकेट शोधून आणलं; त्यात माझं पोट मावलं आणि खांदे हरवले. इंजिनाची बोट त्यांनीच नाकारली, दणके बसतात म्हणून, आणि वल्ह्याची होडी काठाकाठाने अलगद फिरवून आणली. फोटोत मी नारिंगी गाठोडं दिसते, वर डोकं. आजेसासूबाईंनी तो फोटो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "आणि चंद्र कुठाय?" त्यांच्या पुठ्ठ्याच्या नावेला मागे रंगवलेला चंद्र होता.

६. माझ्या कौतुकाची कुणाला गरज नव्हती. रतनवाडीला अमृतेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. पावसाळ्यात तिथली पिंडी पाण्यात असते. मला गाभाऱ्याच्या ओल्या पायऱ्यांचा धीर झाला नाही, म्हणून नवरा आत गेला आणि मी रस्त्याकडेला थांबले. शेजारच्या खळ्यात एक बाई भात झोडत होती. पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायची, दगडावर आपटायची, परत उलटी करून आपटायची. दाणे उडून थेट माझ्या चपलांपर्यंत येत होते. तिने हात न थांबवता विचारलं, "कितवा हाये?" पाचवा, म्हटलं. "मग उभी का ऱ्हायलीस? बस की." आणि पेंढ्यांचा एक भारा पायाने माझ्याकडे सरकवला.

शहरात कुणी पोटाकडे बघून बोललं की माझं डोकं फिरायचं. ऑफिसात, लिफ्टमध्ये, रिक्षात, सगळीकडे सल्ले. त्यापासून पळून तर मी आले होते. इथे मात्र मी निमूट बसले, आणि कुणीतरी आपल्याला बस म्हणावं, हीच माझी इच्छा होती असं लक्षात आलं. तिने विचारलं, मुंबईहून इथे काय काम काढलं? पाणी बघायला आलो, मी म्हटलं. "पाणी बघाया?" तिला इतकं हसू आलं की पेंढी खाली ठेवावी लागली. उन्हाळ्यात हेच पाणी मागे सरतं आणि हंडा घेऊन तेवढी चढण चढावी लागते, हे तिने तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून सांगितलं. मग तिच्या बाळंतपणाचं निघालं. धाकटा आवणीच्या दिवसांत झाला. पोट घेऊन ती चिखलात वाकून रोपं लावत होती. रात्री कळा सुरू झाल्या, वर धो धो पाऊस, ओढ्याला पाणी, गाडी पोचेपर्यंत सुईणीने सोडवलं होतं. मी म्हणणार होते, किती धीराच्या तुम्ही. म्हटलंही. तिने माझ्याकडे जरा बघितलं. "धीर कसला? दवाखाना जवळ असता तर गेले असते की."

त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आदल्या रात्री मी उशी कडक आहे म्हणून दोनदा बदलून मागितली होती. निघताना तिने माझी ओढणी पसरायला लावली आणि ओंजळभर भात टाकलं. "तांदूळ नाय झाले अजून," म्हणाली, "घरी कांडून घे." वर, जाताना पाण्याला हळदकुंकू वाहून जा, आसरा असतात, हेही. आई ऐकायला असती तर मला पुढची दहा वर्षं ऐकावं लागलं असतं.

७. डोहाळे फारसे काव्यमय नसतात. तळ्याकाठी लोकांना मासे आठवतात, मला माती खावीशी वाटायची. ओल्या बांधाशी, खुर्च्यांमागच्या कुंड्यांशी, उतरणीच्या कापलेल्या कडेशी मी नाक नेऊन उभी राहायची. नवऱ्याने हे फार हळवेपणाने घेतलं. भूमीची ओढ वगैरे काहीतरी बोलला. डॉक्टरांनी परत आल्यावर ऐकलं आणि सरळ हिमोग्लोबिन तपासायला पाठवलं. लोह कमी पडलं की असं होतं म्हणाल्या. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नाहीच, लिंबूपाण्याने घ्यायची. भूमीची ओढ पुढे काही आठवड्यांत बरी झाली.

८. पहिली हालचाल ओळखू येते, हे पुस्तकात लिहितात. फुलपाखरू फडफडल्यासारखं, असं तिथे छापलेलं असतं. आम्ही दोघं मनात कुठेतरी धरून होतो की ती पाण्याकाठीच होणार: सूर्य रतनगडामागे चालला असेल, मी त्याचा हात पोटावर ठेवीन. तसं काही झालं नाही. आम्ही घोटीला तांदूळ घेतले, ट्रकच्या रांगेत अडकलो आणि घरी आलो. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, हालचाल जाणवते का? नाही, म्हटलं, फक्त गॅस फार होतात, मधूनच गुडगुडतं, बसलं की जास्त. बाई लिहिता लिहिता थांबल्या. "पहिलटकरणींना ते गॅसच वाटतात," म्हणाल्या.

त्या गुडगुडण्यातलं बाळ कुठलं आणि मिसळ कुठली, हे आता सांगता येणार नाही. नवऱ्याने मात्र बाळाच्या नोंदवहीत 'पहिली हालचाल' असा रकाना आखून ठेवला होता, तारीख आणि वेळेसकट. तो पेन घेऊन बसला, मला खोदून खोदून विचारत राहिला. व्हरांड्यात? होडीत? धरणाच्या भिंतीसमोर मी गोळी चघळली होती तेव्हा? शेवटी त्याने तारीख कोरी ठेवली आणि वेळेच्या जागी लिहिलं: 'बहुधा मिसळीनंतर.'