आदिलाबादची तीन दिवसांची शैक्षणिक सहल

किनवट व राजुरा हे तालुके १९५६ पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात समाविष्ट होते. त्यामुळे पैनगंगेपलीकडील हा मुलूख नांदेड, यवतमाळ व चंद्रपूरच्या शाळांना परका नाही. २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. बसचा मार्ग त्यांपैकी तिहींतून जातो.

प्रथम निर्मलची लाकडी खेळणी व कडेम नदीवरील सुमारे ४५ मीटर उंचीचा कुंटाला धबधबा पाहावा. खडक निसरडे असल्याने विद्यार्थ्यांना पाण्यात उतरू देऊ नये. येथे एका दिवसाहून अधिक वेळ घालविणे उचित नव्हे.

दुसऱ्या दिवशी केसलापूर. तेथील नागोबाच्या पौष अमावास्येच्या जत्रेसाठी मेस्राम कुळातील गोंड मंडळी गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात.

तिसरा दिवस उटनूरमार्गे मार्लवाई व जोडेघाट यांसाठी राखावा. वाटेत मार्लवाई आधी लागते, इतिहासात मात्र जोडेघाट आधी येतो; म्हणून शिक्षकांनी कोमरम भीम यांची हकीकत बसमध्येच सांगावी. जमीन व जंगलावरील हक्कासाठी निजामी राजवटीविरुद्ध उठलेले भीम १९४० मध्ये जोडेघाट परिसरात मारले गेले. त्यानंतर मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी गोंडांच्या असंतोषाची कारणे अभ्यासली आणि १९४३ मध्ये मार्लवाईस गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. तेथील गोंडी क्रमिक पुस्तके देवनागरी लिपीत होती. असे एखादे गोंडी वाक्य विद्यार्थ्यांना तेथे वाचावयास द्यावे. अक्षर न् अक्षर वाचता येऊनही अर्थ लागत नाही. मराठी वर्गात प्रथमच बसणाऱ्या गोंडीभाषक मुलाची अडचण त्यांना तेव्हा कळते.