पक्षाघातानंतर हात ताठ झाला, म्हणजे बिघडले का?

पक्षाघाताच्या (लकव्याच्या) झटक्यानंतर रुग्णाचा हात सुरुवातीला बहुधा लुळा असतो. उचलून सोडला तर धपकन पडतो. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी तोच हात कोपरात वाकतो, मूठ आवळते. ‘आता तर जास्तच झाले’ म्हणून घरचे लोक व्यायाम बंद करतात आणि अंगारे-धुपारे, मालिशवाले सुरू होतात. बाबासाहेबांच्या अनुयायांच्या घरीही हे घडते, म्हणून स्पष्ट लिहितो.

मूळच्या स्वीडनच्या, अमेरिकेत काम केलेल्या फिजिओथेरपिस्ट सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी या सुधारणेच्या सहा पायऱ्या सांगितल्या. १९७० साली त्यांचे पुस्तक आले. आजही रुग्ण त्यानुसार तपासतात. हात, पंजा आणि पाय यांची पायरी वेगवेगळी असू शकते.

पहिली पायरी लुळेपणाची. दुसरीत किंचित ताठरपणा येतो. तिसरीत तो सर्वांत जास्त असतो, पण रुग्ण आता स्वतः हात हलवतो. फक्त सुटी हालचाल जमत नाही : घास तोंडाशी नेताना खांदा वर चढतो, कोपर बाहेर जाते, बोटे मिटतात, सगळे एकदम. चौथीत ताठरपणा ओसरू लागतो. कोपर सरळ ठेवून हात समोर खांद्याइतका उचलता येतो का, पाठीमागे कमरेवर नेता येतो का, हे पाहतात. पाचवीत सरळ हात बाजूला उचलता येतो, डोक्यावरही नेता येतो. सहावीत प्रत्येक सांधा सुटा हलतो. सगळेच तिथवर पोहोचत नाहीत. कुणी मध्येच थांबतो.

लुळ्या हाताला धरून रुग्णाला कधीही ओढू नका, खांदा निखळतो. हाताखाली उशी द्या. ताठ पंजात रबरी चेंडू देण्याआधी फिजिओथेरपिस्टला विचारा. मूठ मिटणे त्याला येतेच, अडते ते उघडणे. विहारात वंदनेला त्याला खुर्ची द्या. चांगल्या हाताने दुसरा हात आणून जोडू द्या, वेळ लागला तरी. तोही व्यायामच आहे.

ताठरपणा एकाएकी वाढला तर मात्र पाठीवर जखम, लघवीचा संसर्ग किंवा कुठे दुखणे आहे का, ते डॉक्टरांना दाखवा. आणि तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, नवी अशक्तता दिसली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.