नौकेतून महेश्वर

पैलतीराहून निघालेली नौका मध्यधारेतील बाणेश्वराचे मंदिर मागे टाकते आणि नर्मदेच्या उत्तर तीरावरील महेश्वर दृष्टीस पडते. पाण्यापर्यंत उतरलेला विस्तीर्ण दगडी घाट व त्याच्या माथ्यावरील किल्ला पाहून प्रवासी थक्क होतो. पती, सासरे व पुत्र यांच्या निधनाचे दुःख गिळून अहिल्याबाई होळकरांनी इ. स. १७६७ ते १७९५ पर्यंत येथून राज्य केले. त्यांनी विणकरांना येथे आणून वसविले. गावात आजही मागांचा आवाज ऐकू येतो. घाट चढून गेल्यावर प्रवाशाचे डोळे भव्य राजवाडा शोधू लागतात. परंतु समोर दिसतो एक साधा वाडा! काशीच्या विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारणाऱ्या अहिल्याबाई याच वाड्यात राहत असत.