न वितळता नाहीसा होणारा बर्फ

कपाटातली डांबरगोळी दिवसेंदिवस लहान होत जाते. पण ती वितळून कपडे ओले झालेले तुम्ही कधी पाहिले आहेत का? घन पदार्थाची सरळ वाफ होण्याच्या या क्रियेला संप्लवन म्हणतात. बर्फाचेही संप्लवन होते आणि मासळीच्या व्यवसायात ते फार महाग पडते.

रत्नागिरी, मुंबई येथील कारखान्यांत गोठवलेली कोळंबी -१८° से. किंवा त्याहून थंड शीतगृहात ठेवतात. हे शीतगृह म्हणजे एक बंद खोलीच असते. तेथे माल उघडा राहिला तर त्यावर पांढुरके, कोरडे डाग पडतात. यास 'फ्रीझर बर्न' म्हणतात. नाव भाजण्याचे असले तरी येथे काहीच भाजत नाही. बर्फ निघून गेल्यामुळे मांस सच्छिद्र होते, छिद्रांत हवा शिरते व मेदाचे ऑक्सिडीकरण होऊन खवट वास येतो. एवढ्याने माल विषारी होत नाही. पण चव जाते, वजन घटते आणि पाण्यात भिजवूनही तो पूर्ववत होत नाही.

ही वाफ जाते कोठे? खोलीतील उष्णता शोषणाऱ्या नळ्या खोलीहून थंड असाव्याच लागतात. समजा, माल -१८° वर व नळ्या -२८° वर आहेत. बर्फाचा बाष्पदाब -१८° ला सुमारे १२५ पास्कल, तर -२८° ला सुमारे ४७ पास्कल असतो. वाफ जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. म्हणून कोळंबीतील पाणी नळ्यांवर हिम होऊन बसते!

उपायही यातूनच सुचतात. पहिला, वाफेची वाट अडवणे. गोठलेली कोळंबी क्षणभर थंडगार पाण्यात बुडवली की तिच्यावर बर्फाचा पातळ थर चढतो. मग आधी त्या थराचे संप्लवन होते. माल सुरक्षित राहतो. त्यावर वाफ आत-बाहेर न जाऊ देणारे, घट्ट बसणारे वेष्टन हवे.

दुसरा, दाबातील फरक कमी करणे. माल -३०° वर व नळ्या -४०° वर असतील तर बाष्पदाब अनुक्रमे सुमारे ३८ व १३ पास्कल होतात. तापमानातील फरक तोच १०°, पण दाबातील फरक ७८ वरून २५ वर आला! अर्थात यास वीज जास्त लागते.

तिसरा उपाय फुकटचा आहे : दार उघडे न ठेवणे. कोकणची दमट हवा आत शिरली की नळ्यांवर हिमाचा जाड थर बसतो. हिम उष्णतेचे दुर्वाहक असल्याने नळ्या अधिकच थंड ठेवाव्या लागतात आणि दाबातील फरक पुन्हा वाढतो.

करून पाहा : बर्फाचे दोन सारखे खडे घ्या. एक उघड्या बशीत व दुसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. महिन्याने दोन्ही तोलून पाहा.

विचार करा : पिशवी सैल बांधली तर तिच्या आतल्या बाजूस हिम का जमते?