नेरळ-माथेरान रेल्वे : मार्ग आणि गाडी यांचा मेळ

(पाठटाचण : इयत्ता पाचवी ते सातवी)

पाठाचा हेतू : दळणवळणाचा पाठ शिकविताना साधनांची नावे व सन यांची यादी मुलांकडून पाठ करून घेतली जाते आणि परीक्षा संपताच ती विसरली जाते. साधन का बदलले, हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. पनवेल तालुक्यातील मुलांना पूर्वेकडे माथेरानचा डोंगर नित्य दिसतो. त्या डोंगरावर चढणाऱ्या छोट्या रेल्वेच्या आधाराने हा प्रश्न सहज विचारता येतो, म्हणून हा पाठ योजिला आहे.

पूर्वतयारी : मोठ्या लोहमार्गावरील डबे व इंजिने एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर नेता येतात. लहान व तुटक मार्गाची गोष्ट निराळी असते. लंडन शहरात 1898 साली सुरू झालेला वॉटर्लू अँड सिटी हा भुयारी मार्ग जेमतेम अडीच किलोमीटर लांबीचा आहे. तो इतर लोहमार्गांस जोडलेला नाही. त्यामुळे नवी गाडी यारीने भुयारात उतरवावी लागते. तेथे 1898, 1940 व 1993 अशा तीन वेळी त्या मार्गाकरिता नव्या गाड्या आणण्यात आल्या. तात्पर्य, अशा ठिकाणी गाडी त्या मार्गास जुळणारी असावी लागते. आपल्या जिल्ह्यातील उदाहरणही याच जातीचे आहे.

विषयविवेचन : अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी 1904 साली या मार्गाचे काम हाती घेतले व 1907 साली गाडी सुरू झाली. बार्शी लाइट रेल्वेशी ज्यांचे नाव निगडित आहे ते एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे या कामी सल्लागार अभियंता होते. दोन रुळांमधील अंतर अवघे दोन फूट. नेरळ ते माथेरान हे सुमारे 21 किलोमीटरांचे अंतर तोडताना गाडी सुमारे 760 मीटर उंच चढते. सर्वांत बिकट ठिकाणी चढ 20 ला 1, म्हणजे वीस मीटर पुढे जावे तेव्हा एक मीटर वर, असा आहे. वाटेत एकच छोटा बोगदा आहे. बाकी सारा मार्ग डोंगराच्या कडेने वळणे घेत जातो.

या वळणांनीच पहिली अडचण उभी केली. चढ चढण्यास इंजिन जोरकस हवे, म्हणून त्यास चाकांच्या तीन जोड्या हव्यात. परंतु तीन आस एका ताठ चौकटीत बसविले, तर तीव्र वळणावर चाके रुळांत अडकतात. यावर जर्मनीतील ऑरेन्स्टाइन अँड कोपेल या कारखान्याच्या चार इंजिनांत एक युक्ती होती. पहिला व शेवटचा आस पोकळ नळीसारखा करून त्याच्या आत दुसरा भरीव आस बसविला होता. दोहोंचा सांधा मध्यभागी गोलाकार असल्यामुळे चाके फिरत असतानाच वळणाप्रमाणे किंचित तिरपी होऊ शकत. क्लिएन आणि लिंडनर यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते. 738 ते 741 या क्रमांकांच्या या इंजिनांनी दीर्घकाळ सेवा केली. पुढे 1950 नंतरच्या दशकात जर्मनीच्याच युंग कारखान्याची डिझेल इंजिने आली आणि 1982 साली वाफेची इंजिने निवृत्त झाली. त्यांपैकी 740 क्रमांकाचे इंजिन नंतर इंग्लंडला गेले.

दुसरी अडचण उताराची. चढणाऱ्या गाडीस बळ लागते, तर उतरणाऱ्या गाडीस आवर लागतो. पूर्वी डब्यांवर बसलेले ब्रेकवाले कामगार इंजिनाची शिटी ऐकून हाताने ब्रेक आवळीत. मे 2016 मध्ये अमन लॉजजवळ डबे रुळांवरून घसरले व वाहतूक थांबविण्यात आली. त्यानंतर डब्यांना हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक बसविण्यात आले. ऑक्टोबर 2017 मध्ये अमन लॉज ते माथेरान व 2018 च्या आरंभी संपूर्ण मार्गावर गाडी पुन्हा धावू लागली.

तिसरी अडचण पावसाची. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला, तो 2007 मध्ये पुन्हा सुरू झाला. 2019 च्या पावसाने पुन्हा हानी झाली व ऑक्टोबर 2022 पर्यंत नेरळहून वर गाडी जाऊ शकली नाही. मोटारी दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. तेथून पुढे गाडी नसेल तर ओझे माणसाच्या डोक्यावर व घोड्याच्या पाठीवर येते. लहान मार्ग बंद पडला म्हणजे काय होते, हे मुलांना येथे स्पष्ट दिसेल.

उपक्रम : अंगणात खडूने मोठे वर्तुळ काढावे. सरळ पट्टीवर समान अंतरावर तीन खुणा करून त्या तिन्ही एकाच वेळी वर्तुळरेषेवर ठेवण्यास मुलांना सांगावे. दोनच खुणा रेषेवर येतील, तिसरी येणार नाही. मुलांनी हे स्वतः पाहिल्यावरच इंजिनातील युक्ती सांगावी. आधी सांगू नये.

प्रश्न :
1. 21 किलोमीटरांत 760 मीटर चढ, तर सरासरी चढ किती? (उत्तर : सुमारे 28 ला 1.)
2. बैलगाडी घाट उतरताना गाडीवान काय काळजी घेतो? तीच काळजी आगगाडीत कोण घेतो?
3. आपल्या गावातील एखादे वाहन वा अवजार येथील जमिनीस अनुरूप असे का घडविले आहे, हे वडीलधाऱ्यांस विचारून पाच ओळी लिहा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे वर्गात मोठ्याने वाचून घ्यावीत. मुलाने कारण शोधले असेल, तर सन चुकला तरी पाठ साधला असे समजावे.