कोकणातल्या पावसात टोमॅटो मान टाकतो तेव्हा

काय करावे

- रोप सकाळी लवकर पाहा. दुपारच्या उन्हात निरोगी रोपही मान टाकते.
- बुंध्याशी बोटभर माती उकरा. चिखल लागला तर चर काढून पाणी आधी वाहते करा.
- पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघा: खालची जुनी पाने सरसकट पिवळी तर बहुधा नत्र कमी, कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह कमी.
- पाने हिरवी असतानाच झाड दोन-चार दिवसांत लोळले, तर जिवाणूजन्य मरीचा संशय घ्या आणि ही चाचणी कराच: बुंध्याजवळचा दांडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टांगता, न हलवता धरा, काही मिनिटांत कापातून दुधाळ धागे उतरले की निदान झाले.
- धागे आले नाहीत, तर दांडा उभा चिरा. सालीखाली तपकिरी रेघ आणि पिवळेपणा एकाच बाजूने चढलेला, तर फ्युजेरियम मर समजा.
- बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे शोधा, ती बुंधाकूज.
- मुळे धुऊन पाहा. गाठी असतील तर सूत्रकृमी, कारण भुईमुगासारख्या उपकारक गाठी टोमॅटोला येत नाहीत.
- शेंड्याची पाने आखडून वर वळली असतील, तर पानांखाली पांढरी माशी शोधा.
- मर लागलेले झाड मुळांसकट पोत्यात भरून बाहेर न्या.
- पुढच्या वेळी गादीवाफ्यावर अर्का रक्षक हा टोमॅटोचा वाण किंवा वांग्याच्या खुंटावरची कलमे लावा.

काय टाळावे

- मान टाकलेली दिसताच पाणी देऊ नका. ओल्या मातीत ते रोपाला मारक ठरते.
- निदानाआधी फवारू नका. बुरशीनाशक जिवाणूवर चालत नाही, आणि जिवाणूजन्य मर लागलेले झाड कोणत्याही औषधाने वाचत नाही.
- पिवळे दिसले म्हणून युरिया टाकू नका.
- मर आलेल्या वाफ्याचे पाणी खालच्या वाफ्यात सोडू नका.
- तिथे वापरलेली कोयती, खुरपी ब्लीचच्या पाण्यात बुडवल्याशिवाय दुसरीकडे नेऊ नका.
- मुळांलगत खुरपू नका. जिवाणू जखमेतून सहज आत शिरतो.
- मेलेली झाडे ओढ्यात किंवा खतखड्ड्यात टाकू नका.
- मर आलेल्या जागी लगेच वांगी, मिरची, बटाटा घेऊ नका. भात किंवा मका चालेल.